उताराच्या शेतात फवारणी ड्रोन उडवताना आणि उतरवताना घ्यायची काळजी

उताराच्या आणि खाचखळग्यांच्या शेतांत फवारणीचा ड्रोन वापरणाऱ्या शेतकऱ्यांकडून आलेले बहुतेक प्रश्न तीन अडचणींबद्दल आहेत. उड्डाण घेताना ड्रोन एका अंगावर कलंडतो, उतरताना पाय टेकल्यावरही मोटरी बंद होत नाहीत आणि ड्रोन उड्या मारत उलटतो, आणि जवळपास सपाट जागाच नसेल तर ट्रॉलीवरून उड्डाण घ्यावे का, असे ते प्रश्न आहेत. तिन्हींचे मूळ एकच असल्याने उत्तर एकत्रच देत आहे.

मोटरी सुरू होऊन थ्रॉटल (पंख्यांना दिलेला जोर) वाढू लागला की फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा तोल सांभाळणारा त्यातला संगणक, ड्रोनला आडव्या पातळीत आणू पाहतो. तिरक्या जमिनीवर उभा असलेला ड्रोन त्याच्या लेखी आधीच झुकलेला असतो, म्हणून तो उताराकडच्या मोटरींना जास्त जोर देतो. ड्रोन अजून जमिनीवरच अडकलेला असल्याने ही दुरुस्ती पुरी होत नाही, कंट्रोलर जोर वाढवत राहतो, आणि पाय सुटतात त्या क्षणी साठलेला सगळा जोर ड्रोनला चढाच्या दिशेने पलटी देऊ शकतो. याच्या उलटही घडते. पंख्यांचा जोर जमिनीला काटकोनात, म्हणजे थोडा उताराकडे लागतो, त्यामुळे ड्रोन खाली घसरतो आणि खालचा पाय ढेकळात अडकला की त्याच पायावर उलटतो. त्यात टाकीतील द्रावण खालच्या बाजूला जमा होते. दहा लिटरच्या टाकीत साधारण दहा किलो वजन असते आणि अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त हिंदकळते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

एका प्रात्यक्षिकात जमीन डोळ्यांना अगदी सपाट दिसत होती. आदल्या दिवशी पाऊस झालेला होता आणि भरलेल्या टाकीच्या वजनाने मागचा एक पाय भुसभुशीत मातीत दोन बोटे रुतला होता. चालकाने थ्रॉटल हळूहळू, जपून वाढवला, आणि तेच नडले. तीन पाय सुटले, चौथा मातीने धरून ठेवला आणि ड्रोन त्या पायाभोवती फिरून आडवा झाला. पाय ओल्या मातीत, गवतात किंवा वेलीत गुंतलेला नाही ना, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी वाकून पाहावे. उभ्याने ते दिसत नाही.

माझा आग्रह असा, की चालकाच्या कौशल्यावर विसंबण्यापेक्षा जागाच तयार करावी. उतार मोजण्यासाठी एक मीटर लांबीची सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ पुरते. फळी उताराच्या दिशेने ठेवून तिचे खालचे टोक पाणसळ जुळेपर्यंत उचलावे आणि टोकाखालची उंची मोजावी. पाच सेंटिमीटर भरली तर उतार सुमारे 3 अंश, नऊ सेंटिमीटर भरली तर सुमारे 5 अंश समजावा. आपल्या ड्रोनच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असेल तर तीच पाळावी. दिलेली नसेल तर पाच सेंटिमीटरच्या वर गेलेल्या जागेवरून भरलेल्या टाकीने उड्डाण घेऊ नये, असे मी सुचवतो. जागा सपाट करताना चढाकडची माती खणून काढावी. उताराकडे नुसता भराव टाकला तर तो वजनाने एका बाजूला बसतो, म्हणून भराव करावाच लागला तर तो धुमसाने नीट चोपून घ्यावा. खोदकाम मात्र पायांपुरते करून भागत नाही, कारण चढाकडचा कापलेला काठ पात्यांच्या उंचीला आला तर पाते तिथेच आपटेल. पात्यांच्या टोकापासून किमान अर्धा मीटर मोकळे राहील एवढी रुंदी ठेवावी. वर जाड प्लायवूड अंथरावे. ताडपत्री अंथरायची असेल तर चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकाव्यात, नाहीतर पंख्यांच्या वाऱ्याने ती उचलली जाऊन पात्यांत जाते.

ट्रॉलीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. लोखंडी पृष्ठभागामुळे ड्रोनचे होकायंत्र चुकीची दिशा दाखवू शकते. शिवाय उतारावर उभी केलेली ट्रॉली स्वतःच तिरकी असते, आणि उतरताना पाय फळक्याच्या काठावर पडला तर ड्रोन सावरायला जागा उरत नाही. पत्र्याचा तुकडाही याच कारणाने टाळावा. कॅलिब्रेशनचा, म्हणजे ड्रोनला योग्य पातळी ओळखायला लावण्याचा, गोंधळही इथेच दूर करतो. पातळीचे कॅलिब्रेशन उतारावर केले तर तो उतारच ड्रोन पातळी समजतो आणि नंतर सपाट जागेवरूनही एका बाजूला सरकत राहतो. ते सपाट जागी पाणसळ लावूनच करावे. बॅटरी जोडताना मात्र ड्रोन फक्त स्थिर असणे आवश्यक आहे.

उड्डाण घेताना मोटरी संथ फिरत असताना रेंगाळू नये. सर्व इशारे तपासून झाले की थ्रॉटल ठामपणे वाढवून ड्रोन एका दमात दोन-तीन मीटर वर न्यावा आणि तिथे क्षणभर थांबवून तो स्थिर आहे का, हे पाहावे. पाय जमिनीवर असतानाच ड्रोन कलू लागला तर रिमोटच्या स्टिकने सावरत बसू नये, थ्रॉटल तात्काळ तळाशी आणावा. चालकाने आणि मदतनिसाने उताराच्या खालच्या अंगाला कधीही उभे राहू नये, कारण घसरलेला ड्रोन तिकडेच येतो. त्याच उंचीवर, बाजूला, पुस्तिकेत सांगितलेल्या सुरक्षित अंतरावर उभे राहावे.

उतरणे याहून अवघड असते. उतारावर चढाकडचे पंखे जमिनीच्या अधिक जवळ असल्याने त्यांच्याखाली हवेची गादी तयार होते आणि ड्रोन उताराकडे ढकलला जातो. चढाकडचा पाय आधी टेकतो, बाकीचे अधांतरी राहतात, आणि ड्रोन उतरला आहे हे कंट्रोलरला उमगत नाही, म्हणून मोटरी चालूच राहतात. त्यामुळे तयार केलेल्या जागेवरच, हाताने नियंत्रण घेऊन उतरवावे आणि सर्व पाय टेकताच थ्रॉटल तळाशी धरून ठेवावा. एक पाय टेकून ड्रोन उडी मारू लागला तर दाबून बसवण्याऐवजी पुन्हा वर न्यावा. या दुसऱ्या प्रयत्नासाठी बॅटरीत पुरेशी शिल्लक हवी. बॅटरी संपत आल्यावर ड्रोन आपोआप उतरू लागला तर तो असेल तिथल्या उतारावरच उतरेल.

जागा शक्यतो शेताच्या वरच्या अंगाला निवडावी. भरलेली टाकी खाली जाते आणि रिकामा ड्रोन चढ चढून परत येतो, त्यामुळे बॅटरी वाचते. दुसरे असे, की आपोआप परतीच्या उड्डाणाची ठरवलेली उंची सहसा उड्डाणस्थळापासून मोजली जाते. उड्डाण खालून घेतले, परतीची उंची 15 मीटर ठेवली आणि वाटेत 20 मीटर उंचीचा उंचवटा असला, तर पलीकडच्या खोलगट भागातून परतणारा ड्रोन त्यावर आदळू शकतो.

एवढे करूनही ड्रोन उलटलाच, तर पंखे पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. हातमोजे घालून आधी बॅटरी काढावी, मग सांडलेल्या औषधाकडे वळावे. प्रत्येक पात्यावरून बोट फिरवून बारीक चीर तपासावी आणि चिरलेले पाते वरून धड दिसत असले तरी बदलावे.