जुना गुन्हा आणि नवी नोकरी

प्रश्न : मी एक गुन्हेगारी कादंबरी लिहीत आहे. नायक लालबागच्या चाळीत वाढलेला आहे. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेल्यावर तो टोळीत शिरतो आणि पुढे एका खुनासाठी त्याला जन्मठेप होते. चौदा वर्षे भरताच सुटून तो नाव न बदलता पिंपरीत येतो आणि एका सुरक्षा एजन्सीमार्फत गृहसंकुलात रात्रपाळीचा वॉचमन होतो. तिथे जुने साथीदार त्याला शोधत येतात आणि शेवट गोळीबारात होतो. एका मित्राला कादंबरी पुरेशी दाहक वाटली नाही, तर दुसऱ्याला पूर्वकथेची प्रकरणे कंटाळवाणी वाटली. रक्तपात वाढवावा की पूर्वकथा कापावी?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : रक्तपात वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वकथेचा प्रश्न मात्र निव्वळ कापाकापीने सुटणार नाही, कारण आपल्या कथानकात एक चूक आहे आणि तीच आपल्या कादंबरीचा खरा गाभा ठरू शकते. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ साली झालेल्या कायद्यानुसार न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक म्हणून नेमता येत नाही, आणि नेमणुकीपूर्वी उमेदवाराच्या चारित्र्याची व पूर्वेतिहासाची पडताळणी करावी लागते. म्हणजे आपला नायक ज्या खुर्चीत रात्रभर बसतो, त्या खुर्चीत तो बसूच शकत नाही.

मग त्याला तिथे बसवले कोणी? पडताळणी टाळली गेली असेल, तर ती कोणाच्या संमतीने? समजा, एजन्सीच्या सुपरवायझरला सगळे ठाऊक आहे आणि दर महिन्याच्या पगारातून तो न बोलता काही रक्कम कापून घेतो. संकुलात एखाद्या घरी चोरी झाली आणि पोलिसांनी सर्व वॉचमनचे कागद मागवले, की गुन्हा न करताही हा माणूस उघडा पडणार. मागचे आयुष्य पुसू पाहणाऱ्या माणसाला पिस्तूल घेऊन आलेल्या साथीदारापेक्षा फॉर्ममधला ‘यापूर्वी शिक्षा झाली आहे काय?’ हा रकाना जास्त घाबरवतो. आपला मित्र जी दाहकता शोधत होता, ती या रकान्यापुढे थबकलेल्या पेनात आहे, आणि पूर्वकथेतला जेवढा भाग त्या क्षणी त्याला आठवल्यावाचून राहत नाही तेवढाच ठेवावा.

याच ओघात ‘चौदा वर्षे भरताच’ हे शब्दही तपासावेत. जन्मठेप म्हणजे आयुष्यभराची कैद. अशा खुनाच्या प्रकरणात किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्यानंतर शासन सुटकेचा विचार करू शकते, पण ती आपोआप होत नाही. त्यासाठी प्रकरण तयार होते, अभिप्राय मागवले जातात, आणि कैदी ‘आपली ऑर्डर कधी येते’ याची वाट पाहत राहतो. त्या वाट पाहण्यातून बाहेर आलेला माणूस पिंपरीतल्या फाटकावर कसा बसेल, हे आपल्याला अधिक नेमके दिसू लागेल.

गिरणी संपाविषयीही एक विनंती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते आणि गिरणगावातली असंख्य घरे त्यात मोडली. पण त्यांतल्या बहुसंख्य घरांतली मुले टोळीत गेली नाहीत. त्यांनी भाजी विकली, रिक्षा चालवली, कोणी गावी शेतीकडे परतले, आणि कितीतरी घरे आयांनी खानावळी चालवून तगवली. त्यामुळे ‘संप झाला म्हणून टोळीत गेला’ हे कारण त्या सर्वांवर अन्याय करणारे आहे आणि नायकालाही सोपी सुटका देणारे आहे. त्याच चाळीतला, तितक्याच उपाशी घरातला दुसरा मुलगा का गेला नाही, हे आपल्याला ठाऊक असायला हवे, मग ते कादंबरीत एका वाक्यात आले तरी चालेल.

भाषेबाबत थोडक्यात सांगतो. पेटी, खोका, सुपारी हे शब्द चित्रपटांनी इतके वापरले आहेत की ते आता धक्का देत नाहीत. १ जुलै २०२४ पासून नव्या खुनाची नोंद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली होते, पण आपल्या नायकाच्या तोंडी जुन्या दंड संहितेतले खुनाचे कलम ‘तीनशे दोन’च असेल, तरुण पोलीस आणि तो यांच्यातले अंतर तेवढ्यानेही दिसेल.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. आपल्या पत्रात खून झालेल्या माणसाविषयी एकही शब्द नाही. त्यालाही घर असेल, आणि त्या घराला आपला भूतकाळ मागे टाकून पिंपरीला जाता आले नसेल. तुरुंगात शिक्षेतल्या सवलतीला ‘माफी’ म्हणतात आणि ती दिवसांत मोजली जाते. नायकाला मिळालेल्या माफीचे दिवस त्याला तोंडपाठ असतील. मृताच्या आईला किंवा पत्नीला तो सुटल्याचे कसे कळले, कोणी सांगितले, त्या वेळी ती काय करत होती, हे प्रकरण आधी लिहून पाहावे. ते जमल्यावर शेवटचा गोळीबार पुन्हा वाचा. तो काढून टाकावासा वाटला, तर निःसंकोच काढा.