'झार' या पदवीचा अर्थ काय? ती रशियात कुठून आली, आणि मॉस्कोच्या सुरुवातीच्या राजांना झार का म्हणत नाहीत?

लॅटिन 'सीझर'चं जुन्या स्लाव्ह भाषेत 'त्सेसार' झालं, ते आखडून 'त्सार', आणि आपल्याकडे झार. जर्मन 'कायझर'चं मूळही तेच. इथवर वाद नाही. पण यालाच जोडून 'म्हणून झार हे रोमचे वारस' असं ठोकून दिलं जातं, ते मला अजिबात मान्य नाही.

क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात आमचा ग्रुप मोनोमाखच्या टोपीपुढे उभा होता. पीटर द ग्रेटच्या काळापर्यंत झारांचे राज्याभिषेक हीच घालून व्हायचे. सोन्याच्या तारेची बारीक नक्षी, माथ्यावर क्रूस, खाली गोल सेबलची फर. ग्रुपमधले इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक सांगू लागले की ही बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाने पाठवलेली भेट. ती दंतकथा आहे. बरेच अभ्यासक टोपी चौदाव्या शतकातली, मध्य आशियाई घडणीची मानतात. मी म्हटलं, "सर, रशियन बखरींत तातार खानालाही झारच म्हटलंय." त्यावर सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फोटो काढा." सगळे हसले. ते मी विसरलेले नाही.

मॉस्कोचा राजा सुरुवातीच्या काळात 'वेलिकी क्न्याझ', म्हणजे महाराजपुत्र म्हणा हवं तर. गादीवर बसायला त्याला सुवर्ण टोळीच्या, म्हणजे रशियावर सत्ता गाजवणाऱ्या मंगोल-तातार राज्याच्या, खानाची सनद लागायची. डोक्यावर झार बसलेला असताना हा स्वतःला झार कसा म्हणवणार? 1453 मध्ये बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपल पडली, 1480 मध्ये उग्रा नदीवरून खानाचं सैन्य लढाई न देता परतलं. मग तिसऱ्या इवानने अधूनमधून ही पदवी लावायला सुरुवात केली आणि 16 जानेवारी 1547 रोजी चौथ्या इवानचा झार म्हणून रीतसर राज्याभिषेक झाला. पुढे 1721 मध्ये पीटरने 'इंपेरातोर' (सम्राट) ही पदवी घेतली, तो वेगळा विषय.

अर्थात अभिषेकाचे विधी आणि चर्चचा आशीर्वाद बायझंटाइन वळणाचेच होते, ते मी नाकारत नाही. आणि बल्गेरियाच्या सिमेऑनने ही पदवी रशियाच्या कितीतरी आधी, दहाव्या शतकातच लावली होती.

पण तुम्हाला कुणी फक्त रोमचं सांगितलं तर त्याला शेवटचा झार दुसरा निकोलस याची पूर्ण पदवी वाचायला लावा. 1917 पर्यंत तीत 'कझानचा झार, अस्त्राखानचा झार, सायबेरियाचा झार' असं लिहिलं जात होतं, आणि ही तिन्ही राज्यं तातार खानांकडून घेतलेली आहेत.