इंग्लंडमधल्या एवढ्याशा शांत गावात एवढे खून कसे पडतात? अशा कादंबऱ्या वाचायच्या तर सुरुवात कुठून करू?

माझ्या शाळेच्या सुट्ट्या बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारबरोबर गेल्या. त्यामुळे अगाथा ख्रिस्तीची हौशी डिटेक्टिव्ह मिस मार्पल पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वैतागच आला. ना पाठलाग, ना पिस्तुलं. एक म्हातारी विणकाम करत बसते आणि गावातल्या उखाळ्यापाखाळ्या सांगते. तीस पानांत पुस्तक मिटलं.

मत बदललं ते कोळंबीमुळे. मिस मार्पल पहिल्यांदा भेटते ती अगाथा ख्रिस्तीच्या १९२७ सालच्या एका कथेत. जमलेली मंडळी ठरवतात, प्रत्येकाने एकेक न उलगडलेलं गूढ सांगायचं. ही बाई काय सांगते? गावातल्या एकींनी सोललेली कोळंबी घेतली, आणखी दोन दुकानांत गेल्या, घरी येऊन बघतात तर कोळंबी गायब! भाचा अर्थातच थट्टेवारी नेतो. पण पुढे विषप्रयोगाचं कोडं सुटतं ते तिलाच, कारण तिला गावातल्याच एका गृहस्थांची भानगड आठवते. तिची सगळी विद्या ही एवढीच. हा माणूस अगदी आमच्या अमक्यासारखा! बाकीचे पाऊलखुणा मोजतात, ही माणसांचे नमुने जुळवते. त्यासाठी गावच लागतं, जिथे कोण कुणाकडे किती वाजता गेलं हे पडद्याआडून टिपलं जातं. लंडनमध्ये तिचं काही चाललं नसतं असं नाही, पण मजा गेली असती.

सुरुवात बहुतेक जण १९३० च्या ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’पासून करायला सांगतील, कारण ती मिस मार्पलची पहिली कादंबरी. मी सांगेन १९५० ची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ घ्या. गावच्या पेपरात जाहिरात येते: शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होईल, हेच आमंत्रण समजावं. आणि अख्खं गाव काहीतरी निमित्त काढून वेळेवर हजर!

पण मला आवडतं ते त्यातलं रेशनिंग. महायुद्ध संपून पाच वर्षं झालीत, तरी ब्रिटनमध्ये रेशन चालूच आहे (ते पूर्ण उठलं १९५४ साली). दर गुरुवारी एका शेतावर लोणी निघतं, ते गुपचूप वाटलं जातं, बदल्यात कुणी काकड्या देतं, डुक्कर कापलं की कुणी थोडं मांस. या देवघेवीपायी दारं सताड उघडी. तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरने डोक्याला हात लावायचा!

आणि शेजारी कोण? कुणी हिंदुस्थानातून परतलेला कर्नल, कुणी हाँगकाँगहून आलेलं. मिस मार्पल म्हणते, पंधरा वर्षांपूर्वी प्रत्येकाचं मूळ-कूळ माहीत असायचं. आता माणूस स्वतःबद्दल जे सांगेल ते खरं मानायचं. १९४७ नंतर साम्राज्य आवरून घरी परतलेल्या या लोकांची नाव-गाव पटवायची सोय फक्त कागदांत. खुनाला याहून सोयीचं गाव कोणतं?

ख्रिस्तीच्याच काळातली रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स, तिची ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) नंतर वाचा. चर्चच्या घंटा वाजवण्याचं गणित त्यात पानंच्या पानं आहे, धीर हवा.

आणि हो, ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये जाहिरात वाचून आलेले पाहुणे एकामागून एक म्हणतात, ‘अरे वा, हीटिंग चालू केलंत वाटतं!’ ती पानं गप्पा समजून चाळू नका. मी चाळली होती.