युद्धकाळात सरकारची गुपितं फोडणारा देशद्रोहीच ना? मग व्हिएतनाम युद्धाची गुपितं फोडणाऱ्या अमेरिकन एल्सबर्गवरचा माहितीपट कशाला बघायचा?

जरूर बघा. 'द मोस्ट डेंजरस मॅन इन अमेरिका', 2009 चा. मी बेळगावचा. मराठा सेंटरच्या या गावात फौजी नाही असं घराणं विरळाच, त्यामुळे 'गुपित फोडलं' म्हटलं की आधी माझंही डोकं तापतं.

पण डॅनियल एल्सबर्ग स्वतः मरीन अधिकारी होता, पुढे व्हिएतनाममध्ये दोन वर्षं राहून आलेला. त्याने बाहेर काढला तो 7000 पानांचा अहवाल: अमेरिकेची एकामागून एक सरकारं व्हिएतनाम युद्धाबद्दल लोकांशी कसं खोटं बोलली, त्याचा. 1969 मध्ये रात्र-रात्र झेरॉक्स काढल्या. एकदा तर त्याचा 13 वर्षांचा मुलगा मशीनवर आणि 10 वर्षांची मुलगी कात्रीने 'टॉप सीक्रेट'चे शिक्के कापतेय! अंगावर काटा येतो.

1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते छापलं, सरकार छपाई थांबवायला कोर्टात गेलं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 असा वर्तमानपत्रांच्या बाजूने कौल दिला. गुपितं फोडल्याबद्दल एल्सबर्गवर भरलेला खटला 1973 मध्ये बारगळला, कारण व्हाइट हाउसच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडल्याचं उघड झालं.

खानापूरची माझी मावशी, मुलगा सीमेवर, फोन आला नाही की रात्रभर जागते. तिच्यापासून खरं लपवू नये, असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीत आहे, सबटायटल लावून बघा.