‘व्हेंटिलेटर नको’ एवढंच लिहू नका

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत, प्रकृती ठणठणीत. त्यांना लिव्हिंग विल, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, करून ठेवायचंय. आई म्हणते, ही कागदावर केलेली आत्महत्याच. आयुष्य देवाच्या हातात असतं. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आईंची शंका जुनी आहे आणि वजनदारही. धर्मचिंतकांनी ती टाळलेली नाही. तुमच्या भागात जैन समाज मोठा आहे, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. जैन आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सल्लेखनेचे, म्हणजे व्रत म्हणून आहार सोडत देह ठेवण्याचे, प्रसंग मोजून दिलेत : उपसर्ग (ओढवलेलं संकट), दुष्काळ, म्हातारपण, रोग. पण सोबत एक अट आहे, ‘निःप्रतीकारे’. म्हणजे ज्यावर इलाजच उरलेला नाही असं संकट. दुसरे जैन आचार्य पूज्यपाद यांचा दृष्टांत तर दुकानदारालाही पटावा असा आहे. कोठाराला आग लागली तर व्यापारी आधी ती विझवायला धावतो. नाहीच विझली, तर आतला माल वाचवतो. कोठार म्हणजे शरीर, माल म्हणजे व्रतं. राग, द्वेष, मोहापायी स्वतःच आग लावणं म्हणजे आत्महत्या.

तरी सल्लेखना आणि लिव्हिंग विल एक नव्हेत. सल्लेखनेत माणूस शुद्धीत राहून, व्रत म्हणून आहार कमी करत जातो. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी ती गुन्हा ठरवली आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. लिव्हिंग विलचा आवाका त्याहून पुष्कळ लहान. स्वतःला निर्णय घेता येणार नाही आणि बरं होण्याची आशाही नसेल, तेव्हा कोणते उपचार नकोत, एवढंच त्यात असतं. मरण यावं म्हणून इंजेक्शन देणं आजही गुन्हाच आहे.

कॅथलिक विचारही याच वळणाने जातो. बाराव्या पायस पोपनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितलं, की साधारण उपचार घेणं कर्तव्य आहे, असाधारण उपचारांची सक्ती नाही. मात्र नळीतून दिलेलं अन्नपाणी चर्च आज साधारण शुश्रूषेतच धरतं. गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॅथलिक कुटुंबाने कागदात नळीच्या अन्नपाण्याबद्दल लिहिताना थांबून विचार करावा.

थोडक्यात, वडिलांचा कागद ‘इलाज उरला नसेल तर’ या अटीवर उभा असेल, तर आईंचा आक्षेप त्याला लागत नाही. ती अट नसेल, तर लागतो.

प्रश्न : कागद नेमका कसा करायचा? चुका कुठे होतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. सज्ञान, शुद्धीतल्या माणसाने स्वखुशीने लिहायचं, २ साक्षीदारांसमोर सही करायची (शक्यतो नात्याबाहेरचे), नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आता मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही. आपल्या वतीने संमती कोण देणार त्याचं नाव लिहायचं. एकाहून अधिक नावं चालतात. एक प्रत महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याकडे, एक घरच्या डॉक्टरांकडे. विचार बदलला तर केव्हाही लेखी रद्द करता येतं.

अंमलाच्या वेळी रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ निर्णय देतं : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे २ तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ तो तपासतं. दोन्हींनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यावं अशी अपेक्षा आहे. त्यानंतर मॅजिस्ट्रेटला कळवायचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यंत्रांची यादी करणं. ‘व्हेंटिलेटर नको’ असं मोघम लिहिलं आणि उद्या न्यूमोनिया झाला, तर ज्या व्हेंटिलेटरवर चार दिवस काढून माणूस घरी आला असता, त्यावरूनच घोळ होतो. म्हणून यंत्र लिहू नका, अवस्था लिहा : ‘शुद्ध परत येण्याची वाजवी शक्यता नाही, असं डॉक्टरांचं मत झाल्यास…’. वेदनाशामक औषधं आणि तोंडाची स्वच्छता शेवटपर्यंत हवी, हेही लिहा. शेवटी तुळशीपत्र-गंगाजल हवं असेल तर तेही. अतिदक्षता विभागात तोंडात नळी असताना ते कोणालाच सुचत नाही.

दुसरी चूक : कागद बँकेच्या लॉकरमध्ये. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही. ज्याचं नाव घातलंय त्याला विचारलेलंच नसतं, हेही नेहमीचंच. परदेशातला मुलगा ऐन वेळी ‘सगळं करा’ म्हणतो आणि इथली मुलगी गप्प बसते. दोघांना एकाच दिवशी वाचून दाखवा.

प्रश्न : व्हेंटिलेटर लावलाच नाही तर ठीक, पण लावलेला काढणं म्हणजे जीव घेणं नाही का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मनाला तसं वाटतं, हे खरं. पण दोन्हींत मृत्यू आजारानेच येतो आणि दोन्हींमागचं कारण एकच असतं : उपचाराचा उपयोग नाही. म्हणून बहुतेक नीतितज्ज्ञ इथे फरक मानत नाहीत. उलट फरक मानला तर नुकसान होतं. ‘एकदा लावला की काढता येत नाही’ या धास्तीने घरचे बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णालाही नकार देतात. डॉक्टरांना सांगा, ठरावीक दिवसांसाठी लावून बघू. किती दिवस आणि कोणती सुधारणा दिसायला हवी, हे लावण्याआधीच विचारून केसपेपरवर लिहून घ्या.