मशीनला आठवण नसते

अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. स्लॉट मशीनच्या, म्हणजे बटण दाबलं की चित्रांची चाकं फिरतात त्या जुगाराच्या मशीनच्या, दोनशे स्पिनची नोंद, लाल पेनानं केलेल्या खुणा आणि शेवटी प्रश्न: इतक्या वेळा दोन सात लागले नि तिसरा एका घरानं हुकला, म्हणजे जॅकपॉट जवळ आलाय ना? अशीच एक वही माझ्याकडे होती, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर फोनवरच दोन शब्द सुनावले असते.

मशीनला आठवण नसते. आतली चिप सतत आकडे पाडत असते, कोणी खेळत नसतानाही. बटण दाबलंस त्या क्षणी जो आकडा सापडतो तोच निकाल. नंतर चाकं फिरतात ती लग्न लागून गेल्यावरची वरात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स फेनं सॅन फ्रान्सिस्कोत 'लिबर्टी बेल' नावाचं स्लॉट मशीन बनवलं, तेव्हा स्प्रिंगा आणि खटके होते. दिसायचं तेच खरं. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस यांना, चाक कुठे थांबायचं ते चिपमधल्या आकड्यानं ठरवायचं, याचं पेटंट मिळालं आणि डोळ्यांवर भरवसा ठेवायची सोय गेली. समज, चाकावर २२ जागा आहेत आणि सात एकदाच आहे. तीन चाकांचा गुणाकार १०,६४८. पण चिपमधलं चाक ६४ जागांचं करता येतं, त्यातही सात एकदाच. आता गुणाकार २,६२,१४४! उरलेल्यांपैकी बऱ्याच जागा साताच्या लगतच्या कोऱ्या घरांना जोडता येतात. तुझी हुलकावणी तिथून येते. ती खूण नाही, मांडणी आहे.

एका रात्री मी चार तास एकच मशीन धरून बसलो होतो. आता देणारच, इतकं खाल्लंय. पाणी प्यायला उठलो, परत येतो तर माझ्या खुर्चीत एक बाई, आणि वरचा दिवा लुकलुकतोय. 'माझा जॅकपॉट नेला' असं मी कित्येक वर्षं सांगत फिरलो. नेला कुठला! मी बसून राहिलो असतो तरी माझं बोट नेमकं तिच्याच क्षणी थोडंच पडलं असतं? हे कळेपर्यंत 'माझं परत मिळवायचं' म्हणून जे घातलं ते कुठल्याच वहीत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलास तरी: मशीनला आठवण नसते. तुझं त्याच्याकडे काही येणं नाही.

खेळायचं कसं, हे विचारलंस. नियमांचं पान उघड आणि परताव्याची टक्केवारी बघ, म्हणजे लावलेल्यातलं किती परत येतं ते. ९६ टक्के ही लाखो स्पिनची सरासरी आहे. तुझ्या संध्याकाळला ती बांधील नाही. शिवाय मिळालेलं तू पुन्हा लावतोस. तीच रक्कम १७ वेळा फिरवलीस की सरासरीनं निम्मी उरते. ऑटोप्ले, म्हणजे आपोआप होत राहणारे स्पिन, बंद ठेव, सावकाश खेळ. एका स्पिनला चित्रं जुळायच्या २० ओळींवर एकेक लावलास आणि ६ आले, तरी घंटा वाजते, दिवे नाचतात. अरे, १४ गेले! आवाज बंद कर, शिल्लक बघ.

तुझ्या मित्राची बटण 'अचूक वेळी' दाबायची युक्ती? तिच्यावर मी शाई वाया घालवत नाही.

तू म्हणशील, मग तुम्ही अजून का जाता? जातो. ठरलेली रक्कम खिशात, पाकीट घरी. संपली की उठतो. बहुतेक वेळा. गेल्या खेपेस उठलो नाही, पण त्याला कारण होतं, सोबतचे लोक थांबले होते. आणि मी काही तुझ्यासारखा 'आता लागेल' म्हणून थांबलो नव्हतो. निदान तसं मला वाटतं. माझा खेळ निराळा, कारण मला ते मशीन ठाऊक आहे. हे वाक्य लिहिलं आणि खोडावंसं वाटलं, राहू दे.

वही फाडू नकोस. तिच्यात एक रकाना कमी आहे: एकूण लावले किती. तो प्रत्येक पानावर भर आणि मग मला दाखव. माझ्या वहीतही तो नव्हता.