दुकानाच्या संकेतस्थळावर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे का दिसतात?

सोलापुरी चादरींच्या आपल्या दुकानाच्या संकेतस्थळावर ‘चादर’ असे भरले की ‘????’ उमटते, यात दोष फॉन्टचा नसून डेटाबेसचा आहे; तीन अक्षरांना चार चिन्हे दिसतात, कारण काना वेगळा मोजला जातो. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत लॅटिन१ हा अक्षरसंच आपोआप लागू होत असे आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. टेबल (नावे साठवणारा डेटाबेसमधला तक्ता) आणि जोडणी (संकेतस्थळ व डेटाबेस यांच्यातली) दोन्ही यूटीएफ८एमबी४ या देवनागरी सामावणाऱ्या अक्षरसंचावर न्यावीत. नुसते टेबल बदलून भागत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. मायएसक्यूएलमधले जुने यूटीएफ८ कृपया निवडू नये, कारण ते एका चिन्हाला ३ बाइटच (बाइट म्हणजे साठवणीचे एकक) देते, ज्यात देवनागरी मावते, पण ग्राहकाने अभिप्रायात ४ बाइटची इमोजी टाकली की घोटाळा होतो. प्रश्नचिन्हे होऊन साठलेली नावे मात्र पुन्हा टंकावी लागतील.